गोळी घेतली का, एवढेच विचारू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील ‘रक्तवाढीच्या गोळ्या उकिरड्यावर’ ही बातमी मी दोनदा वाचली आणि ती रात्रभर मनातून गेली नाही, म्हणून हे पत्र. शासन गोळ्या फुकट देते, बायका त्या फेकून देतात आणि मग रक्त कमी झाले म्हणून दवाखान्यात येतात, असा त्या बातमीचा सूर आहे. काही जणी गोळ्या फेकतात, हे मी नाकारत नाही. पण मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका म्हणून तीस वर्षे काढल्यावर, सगळा दोष त्या बायकांच्याच पदरात टाकलेला मला पाहवत नाही.

त्यातली एक बाई अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चैत्रात साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, ऊसतोडीची टोळी गावी परतली आणि दुसऱ्या दिवशी ती तपासणीला आली. सातवा महिना, ओठ पांढरे, चार पायऱ्या चढल्या तरी धाप. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की आपण रक्तक्षय म्हणतो; तिचे ७.८ होते. बाहेर मोठी रांग होती आणि मी चढ्या आवाजात बोलून गेले, “गोळ्या खात नाहीस, मग रक्त कुठून येणार?” तिने उत्तर दिले नाही. पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी मोजल्या. दहा-दहा गोळ्यांच्या नऊ पट्ट्या होत्या. “एकबी चुकवली नाही, सिस्टर. रोज चहासंगं घेतली.” फडात जायला पहाटे तीनला उठायचे, चुलीवर कोरा चहा ठेवायचा आणि त्याच घोटाबरोबर लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी, दोन्ही एकदम गिळायच्या, म्हणजे कामाच्या धबडग्यात एकही विसरायला नको.

चहातल्या टॅनिनमुळे लोह आतड्यात नीट शोषले जात नाही आणि कॅल्शियमही त्याच्या आड येते. म्हणजे त्या माउलीने नव्वद दिवस इमानाने औषध घेतले आणि त्यातले फारच थोडे तिच्या अंगी लागले. गोळी घेतेस का, हे तिला वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने विचारले असेल. कशाबरोबर घेतेस, हे त्या दिवसापर्यंत मीसुद्धा विचारले नव्हते, आणि याची बोच मला आजही आहे.

डॉक्टरांनी तिला आयर्न सुक्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचे लोह, लिहून दिले. १०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये २०० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, असे पाच वेळा. हे औषध ग्लुकोजच्या बाटलीत कधीच घालायचे नसते. पहिल्या दिवशी मी तिच्या खाटेजवळून हलले नाही. थंडी वाजते का, छातीत दाटते का, रक्तदाब उतरतो का, सुईची जागा फुगते का, हे बघत बसावेच लागते, कारण औषध शिरेबाहेर गेले तर कातडीवर तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो. बाळंतपणाला ती आली तेव्हा हिमोग्लोबिन १०.२ होते.

‘महिनाभर गोळ्या देऊनही फरक नाही’ असेही आपल्या बातमीत आहे. तांबडी पेशी हाडांच्या मज्जेत घडते, घडायला आठवडाभर घेते आणि पुढे सुमारे १२० दिवस जगते. महिन्यात हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढले, तरी औषध लागू पडले असे आम्ही मानतो. तेवढेही वाढले नाही, तर गोळी कशी घेतली हे विचारायचे आणि मग बी-१२, जंत, सिकलसेल, मूत्रपिंड यांचा तपास करायचा. मूत्रपिंड बिघडले की त्यात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन कमी पडते, पेशी घडवण्याचा निरोपच मज्जेपर्यंत जात नाही, आणि मग केवळ लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही, त्या संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागते. आपल्या वार्ताहराने यातले कोणाला विचारले होते का?

ज्या बायका खरोखर गोळ्या टाकून देतात, त्यांचेही ऐकून घ्यायला हवे होते. मळमळते, पोट घट्ट होते, शौचाला काळे होते. काळा रंग औषधाचाच आहे, घाबरू नकोस, हे कोणी सांगितले नाही तर गरोदर बाई भिऊन गोळी सोडणारच. चहाच्या आधी-नंतर तासभर गोळी नको, कॅल्शियम वेगळ्या वेळी, जमले तर लिंबूपाण्याबरोबर, एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड टाकलेल्या ठिकाणी कुठून काढायची, यावर आपण बातमी करावी, ही माझी मनापासून विनंती आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इतक्या साऱ्या जणी निष्काळजी आहेत, असे मला पटत नाही.

आणखी एक. बातमीत ‘अंगात फक्त ७ टक्के रक्त’ असे छापले आहे. ते रक्ताचे टक्के नव्हेत. १०० मिलिलिटर रक्तात ७ ग्रॅम हिमोग्लोबिन, असा त्या आकड्याचा अर्थ आहे. असे वाचून घाबरलेले नातेवाईक ‘रक्ताची बाटली लावा’ म्हणून वॉर्डात भांडायला येतात आणि त्यांची समजूत सिस्टरलाच घालावी लागते. कृपया उद्याच्या अंकात ही दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
ता. केज, जि. बीड