आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: बिट्टीची बी आणि तीन दवाखाने

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी माझ्या सात वर्षांच्या मुलाने बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, दोन बिया फोडून आतला गर खाल्ला. आज तो घरी आहे, चालतो-बोलतो आहे. मागच्या पावसाळ्यात आपण जाहीर केलं होतं की प्रत्येक सरकारी दवाखान्यात विषबाधेवरची औषधं असतील आणि सल्ल्यासाठी चोवीस तास फोन उचलला जाईल. त्या शब्दावर विसंबून मी पोराला उचलून धावलो.

पहिल्या दवाखान्यात आधी केसपेपर काढायला लावला. तिथल्याच एकाने सांगितलं, मिठाचं पाणी पाजा, उलटी होईल. मी पाजलं. दोन पेले, नाक दाबून, तो रडत असताना. नंतर कळलं की एवढ्या मिठाने लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. माझ्या हाताने मी ते पाजलं, साहेब. रात्री झोप लागत नाही ती त्यामुळे. भिंतीवर आपल्या घोषणेचा फलक नवाकोरा होता. त्यावरचा क्रमांक मी चार वेळा लावला, कोणी उचलला नाही. डॉक्टरांना खिशातली बी दाखवली तर त्यांना ती ओळखता आली नाही. "पुढे न्या," म्हणाले.

दुसऱ्या ठिकाणी ईसीजी यंत्र बंद होतं. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा "पुढे न्या". ॲम्ब्युलन्समध्ये मी त्याचं मनगट धरून बसलो होतो. ठोका लागायचा, मग काहीच नाही, मग पुन्हा एक. घड्याळ लावून मोजले, मिनिटाला 46. ओठ कोरडे, शर्टावर उलटी, आणि तो विचारत होता, "बाबा, सगळं पिवळं का दिसतंय?"

तिसऱ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बी बघताच नाव सांगितलं. ईसीजी काढला, पोटॅशियम तपासलं, ठोके वाढवणारं ॲट्रोपिन दिलं आणि रात्रभर मॉनिटरवर ठेवलं. या विषाने हृदयाचे ठोके अडतात, आणि पोर बरं दिसत असतानाही ते अचानक बिघडू शकतं, म्हणून लवकर घरी सोडायचं नसतं, हेही त्यांनीच समजावलं. त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण एका बाईला माहीत आहे ते बाकीच्या दोन दवाखान्यांना का माहीत नसावं?

यात अवघड काय आहे? बिट्टीच्या विषावर डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडं (डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची बाधा उतरवणारं औषध) चालतात, हे श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 2000 सालीच दाखवून दिलं. पुढे तिथे त्या औषधाचा साठा संपला आणि मृत्यू पुन्हा वाढले. ते महाग आहे, मान्य. पण पोटातलं विष शोषून घेणारी सक्रिय कोळशाची भुकटी? तिथल्याच 2003 च्या अभ्यासात वारंवार कोळसा दिलेल्यांत अडीच टक्के दगावले, एकदाच दिलेल्यांत आठ टक्के. नंतरच्या मोठ्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही, तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण द्यायचा की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं तर कपाटात कोळसा तरी हवा ना!

आणि हे फक्त बिट्टीचं नाही. धोतऱ्याने पोर बडबडायला लागतं, अंग तापतं, डोळ्यांतल्या बाहुल्या विस्फारतात. लोक त्याला बाहेरची बाधा समजतात. कळलावीचा कंद खाल्ला तर आधी जुलाब-उलट्या, आणि काही दिवसांनी रक्तातल्या पेशी घटतात. तोवर पेशंटला घरी पाठवलेलं असतं. गुंजेची बी अख्खी गिळली तर बहुधा तशीच निघून जाते, चावली तर जीव घेऊ शकते. म्हणजे आल्या आल्या काय खाल्लं, किती, चावून की गिळून, कधी, एवढं तरी विचारायला हवं. मला फक्त आधार कार्ड विचारलं.

तुमचं सगळं खातंच "पुढे न्या" या दोन शब्दांवर चाललंय. खालचा वर ढकलतो, वरचा खाटा नाहीत म्हणतो, बैठका होतात, फीत कापली जाते, ईसीजी यंत्राचा कागद मात्र कोणी मागवत नाही. रस्त्यात माणूस गेला तर तो कुठल्याच दवाखान्याच्या हिशेबात धरला जात नाही.

मला भरपाई नको. तो फोन उचलायला माणूस बसवा. प्रत्येक तातडीच्या खोलीत विषारी झाडांचे, बियांचे फोटो आणि पहिल्या तासात काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, हे आमच्या भाषेत लावा. ईसीजी चालू ठेवा. दोन्ही दवाखान्यांचे केसपेपर माझ्याकडे आहेत, उरलेली बीसुद्धा डबीत जपून ठेवली आहे. भेटीची वेळ द्या, घेऊन येतो.

आपला,
त्या मुलाचा बाप