दादांनंतरचं पथक

गिरगाव, मुंबई
12 जुलै 2026

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

"दादा खरंच सोडतायत का रे?" असं तू परवा फोनवर विचारलंस आणि मी नीट उत्तर न देता विषय बदलला. बाजूला पथकातली दोघंतिघं उभी होती, आणि सध्या आपल्याकडे कोण कोणाच्या बाजूचं हे अशा एकेका वाक्यावरून ठरवलं जातंय. म्हणून म्हटलं, तुला सविस्तर लिहावं.

होय, दादांनी आपल्या ढोल-ताशा पथकाचं प्रमुखपद सोडलं. गेल्या रविवारी वाद्यपूजन झालं. नारळ फुटला, ढोलांना हळदकुंकू लागलं, आरती झाली, आणि दादांनी स्वतःचा ताशा तिच्या गळ्यात अडकवला. "आजपासून इशारा हिचा," एवढंच बोलले आणि मागे जाऊन उभे राहिले. ती कोण हे तुला सांगायला नको. तू गावी गेलास तेव्हा ध्वजात होती, शाळेतली पोर, ध्वज तिच्या दुप्पट उंचीचा. आता सत्ताविशीची आहे, इंजिनिअर झाली आहे, डोंबिवलीहून लोकलनं सरावाला येते. तिच्या घरच्यांनी चाळीतली खोली सोडली तरी पथक काही तिनं सोडलं नाही.

दादांचे गुडघे बरेच दिवस त्रास देत होते. पाडव्याच्या शोभायात्रेत ठाकूरद्वारच्या पुढे त्यांना चालवेना, तिथून पुढचं वादन तिनंच नेलं. डाव्या कानानंही त्यांना आता फार कमी ऐकू येतं. इतकी वर्षं ताशांच्या ऐन मधे उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! म्हणून तिचा पहिला हुकूम हाच निघाला की कानात बोळे घातल्याशिवाय कुणीही ढोल वाजवायचं टिपरू हातात घ्यायचं नाही. काही जुन्या मंडळींना तेही झोंबलं. मला मात्र त्या क्षणी वाटलं की दादांनी माणूस बरोबर निवडलाय.

खरं वादळ उठलं ते ढोलांच्या संख्येवरून. मिरवणुकीत ढोल निम्मे करायचे असं तिनं सांगितलं. आपल्या सीनियर ढोलवाल्यांचा जीवच त्या संख्येत. शंभर ढोल एकदम पडले की छाती हलते, तो आनंद तुला माहीत आहे, मलाही आहे. पण तिनं जे दाखवलं ते मी तुला जसंच्या तसं सांगतो.

एका संध्याकाळी तिनं पटांगणात सगळे ढोल नेहमीच्या मिरवणुकीसारखे लांब रांगांत उभे केले, ताशे पुढे, आणि मला शेवटच्या रांगेमागे नेऊन उभं केलं. लय चढत गेली तसा मागचा ठोका पुढच्याच्या मागून यायला लागला. मला वाटलं, मागची नवी पोरं कच्ची आहेत. ती म्हणाली, "पोरांची काही चूक नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. ही रांग ताशापासून पस्तीस मीटरवर आहे, म्हणजे यांना ताशा एक दशांश सेकंद उशिराच ऐकू येतो. ते ऐकून बरोबर वाजवतायत, म्हणूनच मागे पडतायत." मग तिनं निम्मे ढोल बसवले, उरलेल्यांच्या रांगा आखूड आणि रुंद केल्या. तोच हात, म्हणजे ठोक्यांची तीच रचना, तीच लय, आणि ठोका असा एकसंध पडला की शाळेच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. खेतवाडीच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज आपटून परत येतो आणि सगळा नुसता गलबला होतो, तो का होतो हे मला इतक्या वर्षांनी त्या संध्याकाळी कळलं.

आणि गंमत बघ, दादांना हे हिशोबाशिवाय माहीत होतं. आठवतं ना, मोठ्या मिरवणुकीत ते दोन ताशे काढून रांगेच्या मधोमध घालायचे आणि मागच्यांना बजावायचे, "कानानं वाजवू नका, माझ्या वर गेलेल्या काडीकडे बघा." आपण ती त्यांची शिस्त समजत होतो. आता ती मागच्या रांगेला हेच सांगते, कारणासकट.

तरीही सीनियर ऐकत नाहीत. त्यांच्याकडे 2024 चा दाखला आहे. हरित लवादानं पुण्यातल्या पथकांवर तीस जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरात तिला स्थगिती दिली, तेव्हा आपणही पेढे वाटले होते. "कोर्टानं नाही अडवलं, मग ही कोण अडवणारी?" असं एकजण बैठकीत उभं राहून म्हणाला. तिनं शांतपणे सांगितलं की स्थगिती माणसांच्या आकड्याला मिळाली, ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम जसेच्या तसे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. ढोलाचं एकच पान, म्हणजे तोंडावर ताणलेला पडदा, या आकड्यांच्या केव्हाच पुढे जातं, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक? म्हणून तिचं म्हणणं असं की जिथे वाजवायचं तिथे जीव ओतून वाजवू, पण रुग्णालयाच्या अलीकडे पथक थांबेल, ढोल खाली उतरतील आणि तेवढं अंतर फक्त ध्वज नाचतील. पाडव्याला आम्ही तसं केलं होतं. एवढी सगळी माणसं, नुसत्या पावलांचा आवाज आणि वर फिरणारे भगवे ध्वज. दुकानाच्या पायरीवरच्या एका आजींनी हात जोडले. मी तर म्हणतो, त्या दिवसाचं आमचं सगळ्यात चांगलं सादरीकरण तेच होतं.

"परंपरा मोडतेय" हा शब्द सध्या फार फिरतोय. मला त्याचा राग येतो, कारण हे म्हणणाऱ्यांनीच परंपरा बदलताना पाहिली आहे. गिरगावात 1893 साली केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला, तेव्हा कुठे होतं आपलं हे पथक? तिथे आजही मूर्ती लहान आणि पालखी साधी. आपल्या वडिलांच्या पिढीत मिरवणुकीपुढे लेझीम असायचं, बँजो असायचा, आणि गिरणगावातल्या चाकरमान्यांनी गावाहून आणलेला कोकणातला ढोल-टिमकी-सनईचा खालूबाजा असायचा. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, माणसं पांगली, आणि ती वाजवणारी कितीतरी घरं मुंबईतून गेली. ढोल-ताशाची ही रांगेतली, गणवेशातली पद्धत पुण्याच्या शाळांतून आली आणि दादांनी ती इथे रुजवली. उत्तम केलं. पण ती काही गिरगावच्या मातीतून उगवलेली नव्हती.

आणि फायबरचं पान कोणी आणलं? दादांनीच. चामड्याचं पान श्रावणातल्या दमट हवेत सैल पडायचं, दर तासाला दोऱ्या ताणायच्या, ताशा रद्दी पेटवून शेकायचा. फायबर आलं तेव्हा तुझ्या शेजारच्या बिऱ्हाडातले ते म्हातारे आजोबा दादांना म्हणाले होते, "तू ढोलाचा पत्रा केलास." आवाज कर्कश झाला हे खरंच होतं. पण पावसात पथक उभं राहिलं तेही त्यामुळेच. पुढे मुलींच्या कमरेला ढोल बांधला तेव्हा हीच कुजबुज. आज त्या मुली बाजूला काढल्या तर आपलं अर्धं पथक रिकामं होईल.

मग टिकवायचं काय, असं तू विचारशील. माझ्या मते ताशानं बोलायचं आणि ढोलानं उत्तर द्यायचं, हे टिकवायचं. समोरच्याचं पुरतं ऐकल्याशिवाय आपला ठोका टाकायचा नाही, ही सवय टिकवायची. नवख्यानं आधी टाळीवर आणि तोंडानं हात म्हणायचा, मग ढोलाच्या दोऱ्या ताणायला शिकायचं, आणि त्यानंतर कुठे टिपरू. वादनाच्या सुपारीचे पैसे वाद्यांवर आणि पथकावर खर्च करायचे, वादकाच्या खिशात एक रुपया नाही. तिनं यातल्या कशालाही हात लावलेला नाही. उलट गेली दोनतीन वर्षं दादांच्या दुखण्यामुळे टाळीचा सराव बंद पडल्यासारखा झाला होता, तो तिनं पुन्हा सुरू केला. नव्या पोरांना सध्या भजनी ठेका टाळीवर म्हणता आल्याशिवाय घरी जाऊ देत नाही. मोबाइल एका पिशवीत जमा. एकानं सरावात रील करायला टिपरू हवेत भिरकावलं, तर तिनं त्याला त्या दिवशी ध्वज धुवायला बसवलं. दादांनी तरी दुसरं काय केलं असतं!

सगळंच मला पटतं असं मात्र नाही. तिला वीस-पंचवीस निवडक वादकांचं रंगमंचावरचं वादन बसवायचंय, तिकीट लावून, बंद नाट्यगृहात. स्थिरवादन आपण चौकाचौकात करतोच, ती म्हणते तेच नीट आखून करू. मला ते जमत नाही. आपलं वादन कुणाच्या तरी पुढे चालत जाण्यासाठी आहे. मागे मूर्ती असते, ती पुढे सरकली की आपण सरकतो, ती थांबली की आपण थांबतो. मागे काहीच नसेल आणि समोर खुर्च्या असतील तर पोरं टाळ्यांकडे बघून वाजवायला लागतील, ही माझी भीती आहे. मी तिला तोंडावर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, वाद घातला, आणि शेवटी म्हणाली की विसर्जन होईपर्यंत हा विषय काढणार नाही. प्रमुखाशी इतकं मोकळेपणानं भांडता येतं हे आपल्याकडे नवीनच आहे. दादांपुढे आपली छाती झाली असती का?

दादा रोज येतात. भिंतीशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात, काही बोलत नाहीत. मंगळवारी सराव चालू असताना एक जुना ढोलवाला मुद्दाम त्यांच्यापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, हा हात असा नव्हता ना? तुम्ही सांगा हिला." सगळं पटांगण गप्प. दादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "प्रमुख तिथे उभी आहे. जे विचारायचं ते तिला." मग तो माणूस टिपरू घेऊन रांगेत परत गेला. पण त्याच रात्री चारपाच जणांनी वेगळं पथक काढायची भाषा सुरू केली. पथकं अशीच फुटतात हे आपण आजूबाजूला कितीदा पाहिलंय. वाद्यांची वाटणी होते, दोन्हीकडे अर्धे ताशे राहतात आणि पोरं कंटाळून घरी बसतात.

इथे मला तुझी गरज आहे, दोन कामांसाठी.

पहिलं म्हणजे त्या मंडळींत तुझा जुना जोडीदार आहे. तुम्ही दोघं कित्येक विसर्जनं खांद्याला खांदा लावून वाजवलीत. माझं तो ऐकणार नाही, मी तिच्या बाजूचा ठरलोय. तुझं ऐकेल. ढोल कमी झाले म्हणजे आपल्याला घरी बसवलं, असं त्याच्या मनानं घेतलंय. तसं नाहीये. जुन्यांनी दोन तुकड्या करून आलटून पालटून वाजवावं, म्हणजे गिरगाव चौपाटीपर्यंत ताकद टिकेल, आणि प्रत्येक तुकडीत नव्यांना शिकवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे राहील, असा तिचा विचार आहे. हे त्याला तुझ्या तोंडून कळू दे.

दुसरं काम मला जास्त आनंदाचं वाटतं. यंदाच्या आगमनाला तिला खालूबाजातला एक हात बसवायचाय, सनईसकट. तिच्या आजोबांकडून लहानपणी ऐकलेला, पण तिला तो अर्धाच आठवतो. मी म्हटलं, आपला माणूस गुहागरला बसलाय, त्याच्या वाडीत शिमग्याला पालखीपुढे अजून वाजवतात. तर तुझ्या वाडीतल्या जाणत्या ढोलकऱ्यांना विचार, तो हात फायबरच्या पानावर कसा वाजेल, टिमकीचं काम ताशाला जमेल का, लय कुठे बदलते. नुसतं रेकॉर्डिंग पाठवू नकोस, त्यानं हाताचं वजन कळत नाही. जमलं तर त्यांच्यातल्या एकाला घेऊनच ये. राहायची सोय माझ्याकडे, येण्याजाण्याचा खर्च पथक करेल, तिनं तसं कबूल केलंय.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती उशिरा आहेत, 14 सप्टेंबरला चतुर्थी आणि 25 ला अनंत चतुर्दशी, त्यामुळे हातात दोन महिने आहेत. आगमनं त्याआधी सुरू होतील, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आलास तर उत्तम. चिपळूणहून गाडी पकड. सीएसएमटीला उतरलास तर टॅक्सीच्या फंदात पडू नकोस, आता खालून मेट्रो आहे, काळबादेवी आणि मग गिरगाव. शनिवार-रविवार सराव संध्याकाळी पाचला सुरू होतो आणि दहाच्या आत बंद. स्वतःची टिपरी आणू नकोस, तुझी जुनी जोडी कपाटात आहे, फक्त दोऱ्या ओढायला हात शाबूत ठेव.

आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. जोडीदाराला फोन या आठवड्यातच कर, पुढच्या रविवारी त्यांची बैठक आहे.

तुझाच,
ताशेवाला