‘सर्व गाणी’ उसनी नव्हेत

संपादक महोदय,

‘माय फेअर लेडी’ (१९६४) या चित्रपटावरील आपल्या पुरवणीतल्या लेखात नायिका एलायझा साकारणाऱ्या ऑड्री हेपबर्नची ‘सर्व गाणी’ पार्श्वगायिका मार्नी निक्सनने गायली, असे म्हटले आहे. हे पुरते खरे नाही.

त्या चित्रपटात ध्वनिमुद्रणाच्या दोन उलट पद्धती शेजारी शेजारी नांदतात. हेपबर्नची गाणी आपल्याकडच्या रीतीने झाली: गाणे आधी मुद्रित करायचे, सेटवर ते वाजवायचे आणि नटीने ओठ हलवायचे. लय प्रत्येक टेकला तीच, त्यामुळे सोमवारचा क्लोजअप गुरुवारच्या लाँगशॉटला बिनचूक बसतो. नायक हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनने मात्र याला साफ नकार दिला. तो गाणे गातच नाही, बोलतो. एखादा शब्द ओढतो, एखादा गिळतो, तेही दर खेपेला वेगळे. त्यावर मागाहून ओठ कसे जुळवणार? म्हणून त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन दडवून गाणी चित्रीकरणातच थेट मुद्रित केली. यात धोके दोन. दोन टेकची लय जुळत नसल्याने तुकडे जोडता येत नाहीत, आणि टाय सदऱ्यावर घासला की कापडाची खसखस आवाजात उतरते. ध्वनीचे ऑस्कर (एकूण आठांपैकी एक) फुकट मिळाले नाही.

आता हेपबर्न. हिगिन्सच्या नावाने बोटे मोडणारे एलायझाचे गाणे हेडफोन लावून ऐका. सुरुवातीचा खालच्या पट्टीतला ठसका हेपबर्नचाच आहे. पुढे स्वप्नरंजनात सूर वर चढतो तिथे निक्सन येते, आवाज एकदम गुळगुळीत होतो, आणि राग परतला की हेपबर्नही परतते. सांधा कानाला लागतो. (याच कथेच्या मराठी अवतारात, ‘ती फुलराणी’ नाटकात, हाच संताप भक्ती बर्वे ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ म्हणत स्वतःच्या गळ्यातून काढत, तिथे सांध्याचा प्रश्नच नव्हता.)

निर्माता जॅक वॉर्नरने मूळ नाटकाच्या नुसत्या हक्कांसाठी ५५ लाख डॉलर मोजले, वेशभूषाकार सेसिल बीटनकडून अ‍ॅस्कॉटच्या घोडशर्यतीच्या प्रसंगासाठी काळ्यापांढऱ्या पोशाखांची फौज उभी करून घेतली. पण १९५६ पासून रंगमंचावर एलायझा गाणारी ज्युली अँड्र्यूज त्याला पडद्यासाठी अनोळखी वाटली! १९६४ सालचेच अभिनेत्रीचे ऑस्कर तिने ‘मेरी पॉपिन्स’साठी नेले. हेपबर्नला नामांकनही नव्हते.

तेव्हा लेखातील ‘सर्व’च्या जागी ‘बहुतेक’ अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे