खाऱ्या वाऱ्यातलं ग्राफिक्स कार्ड

रत्नागिरी,
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय बाब्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. "यंदा आंब्याचे चार पैसे उरलेत, दिवाळीला कॉम्प्युटरवर गेम खेळायला एन्व्हिडियाचं आरटीएक्स 5090 ग्राफिक्स कार्ड घेतोय, तुला काय वाटतं?" एवढं विचारलंस आणि उत्तर न ऐकताच ठेवलास फोन. आता सगळं ऐक.

कार्ड उत्तम आहे, त्यात वादच नाही. जानेवारी 2025 मध्ये आलं तेव्हा गेमिंगच्या कार्डांत त्याच्या वरचढ काही नव्हतं. 32 जीबी जीडीडीआर7 मेमरी, 512 बिटची बस, म्हणजे मेमरीकडे जायचा रुंद रस्ता. फोरकेच्या, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांच्या मॉनिटरवर आधीच्या पिढीतल्या 4090 पेक्षा साधारण पाव ते एक तृतीयांश जास्त फ्रेम (सेकंदाला बदलणारी चित्रं) मिळतात, धाकट्या 5080 च्या तर जवळजवळ दीडपट. भाव मात्र 5080 च्या बरोबर दुप्पट: भारतात जाहीर झाले तेव्हा एकाचा 1,07,000 आणि दुसऱ्याचा 2,14,000. दुकानदार काय सांगतील ते वेगळंच.

पण तुझा मॉनिटर कुठला? 1440पीचा, फोरकेपेक्षा कमी ठिपक्यांचा. तिथे या कार्डाचं काम आधीच उरकतं आणि प्रोसेसरने पुढची फ्रेम द्यायची वाट बघत ते बसून राहतं. पंगत भराभर जेवतेय आणि वाढपी एकटाच, असा प्रकार. दोन लाख घालून कार्ड अर्धं रिकामं बसवायचं असेल तर तुझी मर्जी.

दुसरं, खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नकोस. एन्व्हिडिया कंपनीचा प्रमुख जेन्सन हुआंग याने जानेवारी 2025 मध्ये स्टेजवरून सांगितलं होतं की 549 डॉलरचं धाकटं कार्ड 5070 हे 4090 ची कामगिरी देईल. ती सगळी मल्टी फ्रेम जनरेशनची करामत. कार्ड एक फ्रेम खरी काढतं आणि मध्ये तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने भरतं. पडद्यावर 120 दिसतात, पण तुझा माउस वाचला जातो तो खऱ्या 30 फ्रेमलाच. शिवाय मधल्या फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम थोडी थोपवून धरावी लागते. म्हणजे डोळ्याला लोणी आणि हाताला चिखल. मुळात 60-70 खऱ्या फ्रेम असतील तर ही सोय छान चालते, सायबरपंकसारख्या जड गेममध्ये मी स्वतः वापरतो. पण कार्ड जोखताना ती बंद ठेवून बघायचं. सरासरीही नुसती बघू नकोस, सगळ्यात मंद एक टक्का फ्रेम किती ते बघ. गेम अडखळतो तो तिथेच.

आता खरा मुद्दा. व्हिडिओ करणारे लोक एसीत बसून कार्डं तपासतात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहत नाहीत. 5090 पूर्ण भारावर 575 वॉट ओढतं, आणि त्या सगळ्याची उष्णता तुझ्या माडीवरच्या खोलीतच राहणार. मे महिन्यात तू तिथे बनियनवरही बसू शकत नाहीस.

575 वॉट म्हणजे 12 व्होल्टवर जवळजवळ 48 अँपिअर, तेही कार्डाला वीज देणाऱ्या बोटभर प्लगच्या सहा पिनांतून. प्रत्येकीच्या वाट्याला आठ. एखाद्या पिनेचा संपर्क सैल झाला की तिचा भार बाकीच्यांवर पडतो आणि प्लग तापतो. 4090 बाजारात आलं त्याच महिन्यात, ऑक्टोबर 2022 मध्ये, वितळलेल्या प्लगांचे फोटो जगभर फिरले. नंतर प्लगची रचना सुधारली, पण सुरक्षेसाठी वर उरलेली मोकळीक अजून थोडीच. त्यात आपली खारी हवा! इथे बिजागऱ्या गंजतात, खिडकीचे गज गंजतात, टीव्हीच्या पिना हिरव्या पडतात. तुझ्या पिना काय वेगळ्या धातूच्या असणार? आणि गंज दिसला की वॉरंटीवाले बहुधा हात वर करतात. एक उपाय आहे: पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवायचं नाही. रोज थोडा वेळ चालू केलं की आतली ओल निघते.

विजेचं तर विचारूच नकोस. परतीच्या पावसात गडगडायला लागलं की मी नुसतं बटण बंद करत नाही, प्लग उपटून ठेवतो, इंटरनेटची वायरसुद्धा. तुझ्याकडचा जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे खडबडीत वीज देणारा आहे, त्यावर चांगला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) लावायचा नाही. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत वीज देणारा यूपीएस लागेल, आणि तो 600 वॉटचा घेतलास तर 5090 वाल्या मशीनला पुरणारच नाही. आधी अर्थिंग तपासून घे. आपल्या जांभ्याच्या कातळात अर्थिंग धड लागत नाही, खड्डा खोल हवा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहायला हवं. वायरमनने "आहे की अर्थिंग" म्हटलं म्हणजे ते असतंच असं नाही.

माझं ऐकशील तर 5070 टीआय घे. 16 जीबी मेमरी, 300 वॉट, बाजारात आलं तेव्हाचा जाहीर भाव 80,000. 1440पीवर तुला त्याच्या पुढचं काही जाणवणार नाही. एएमडीचं 9070 एक्सटी आणखी स्वस्तात मिळालं तर तेही चालेल, 16 जीबी त्यातही आहे, फक्त पाथ ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या वाटा मोजून चित्र काढण्यात, मागे पडतं. उरलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग. तरी काही उरलं तर वहिनींना विचार, त्यांच्याकडे यादी तयार असेल. आणि फोरकेचा मॉनिटर, खोलीला एसी, एवढं सगळं करणारच असशील तर मग घे 5090, मी अडवणार नाही. फक्त पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा, 80 टक्क्यांवर ठेव, फ्रेम थोड्याच कमी होतात आणि प्लगला श्वास मिळतो.

मशीन कोल्हापुरात जोडून घेणार असशील तर कार्ड काढून, त्याच्या खोक्यात ठेवून आण. फोंडा घाटाच्या वळणांत दोन किलोंचं कार्ड स्लॉटला लटकून आलं तर स्लॉट तरी मोडेल नाहीतर कार्डाची पट्टी.

कॅबिनेटची आतली लांबी मोजून कळव, आणि सध्याच्या एसएमपीएसवरच्या लेबलचा फोटो पाठव. पुढच्या आठवड्यात मी मुंबईला जातोय, लॅमिंग्टन रोडला भाव काढून ठेवतो. तोवर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या