मूलपेशींचे मोजमाप कोल्हापुरातच व्हावे: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात जैवरसायनशास्त्र शिकवतो आणि मूलपेशींवर, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींवर, काम करतो. मूलपेशीने मूलपेशीच राहायचे की स्नायूची पेशी किंवा चेतापेशी व्हायचे, हे डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरही ठरते. आणि त्या खुणा लावणारी व पुसणारी विकरे पेशीच्या चयापचयातून मिळणाऱ्या पदार्थांवरच चालतात. यांपैकी मिथिल नावाची खूण लावण्यासाठी मेथिओनिनपासून बनलेले एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन लागते, तर ती पुसणाऱ्या टेट विकरांना अल्फा-कीटोग्लुटरेट, लोह आणि ऑक्सिजन लागतो. उंदराच्या भ्रूणातील मूलपेशींत सक्सिनेट या चयापचयातल्याच दुसऱ्या पदार्थाच्या तुलनेत अल्फा-कीटोग्लुटरेट जास्त असले, तर त्यांचे मूलपेशीपण टिकते, असे २०१५ साली दिसून आले. काही रक्तकर्करोगांत आयडीएच हे चयापचयातले विकर बिघडून २-हायड्रॉक्सिग्लुटरेट नावाचा पदार्थ साचवते, टेटचे काम अडते आणि रक्तपेशी अपक्वच राहतात. त्या बिघडलेल्या विकराला रोखणाऱ्या औषधाला २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे हा विषय रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचलेला आहे.

आपल्या गुऱ्हाळात एकाच काहिलीतून काकवीही निघते आणि गूळही; ती कधी उतरवायची हे गुळव्या नजरेने ओळखतो. पेशीतला बदल नजरेला दिसत नाही, तो मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजावा लागतो. पेशी इन्क्युबेटरबाहेर काढल्यावर काही सेकंदांतच या पदार्थांची प्रमाणे बदलू लागतात, म्हणून त्या लगेच गोठवून उणे ८० अंशांच्या आसपास ठेवाव्या लागतात.

आम्हाला हे मोजमाप पुण्यात करून घ्यावे लागते. गेल्या मे महिन्यात माझी विद्यार्थिनी कोरड्या बर्फातल्या (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमधल्या) पेशींच्या २४ नळ्यांचा थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन रात्रीच्या एसटीने निघाली. वाटेत रस्त्याच्या कामामुळे गाडी चार तास अडकली. स्वारगेटला डबा उघडला तेव्हा बर्फ उडून गेला होता, नळ्या ओल्या झाल्या होत्या आणि सहा आठवड्यांचे काम वाया गेले होते. तिने तिथल्याच एका बाकावर बसून मला फोन केला.

माझी विनंती एवढीच आहे, की कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील संशोधकांना वापरता येईल असे एक सामाईक मास स्पेक्ट्रोमीटर यंत्र कोल्हापुरात द्यावे. त्याबरोबर ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे कायम पद, द्रवरूप नायट्रोजनचा नियमित पुरवठा आणि दुरुस्तीची वार्षिक तरतूदही मंजूर व्हावी, कारण माणसाविना आलेले यंत्र आच्छादनाखालीच राहते. त्या विद्यार्थिनीचा प्रयोग आम्ही जूनमध्ये पुन्हा लावणार आहोत. तोवर निदान प्रस्ताव मागवण्याचा आदेश निघावा.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक प्राध्यापक