स्काउटची टोपी गठ्ठ्याने वाटू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

येत्या ७ नोव्हेंबरला शाळाशाळांतून स्काउट-गाइडचा ध्वजदिन साजरा होईल. १९५० साली याच दिवशी देशातील निरनिराळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था उभी राहिली आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गर्ल गाइड्सही तीत सामील झाल्या. त्या दिवशी मुलांच्या छातीवर चिकटध्वज लावले जातील, संचलने होतील, छायाचित्रे निघतील. या निमित्ताने मला गणवेशातील फक्त एका वस्तूविषयी लिहायचे आहे, ती म्हणजे डोक्यावरची टोपी. विषय क्षुल्लक वाटेल याची मला कल्पना आहे; पण परभणी जिल्ह्यात आधी स्काउट आणि नंतर स्काउट मास्तर म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला तो तसा वाटत नाही.

प्रजासत्ताक दिनाच्या आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या संचलनाला मी आजही आवर्जून जातो. मुलांचे राखाडी शर्ट कडक इस्त्रीचे असतात, निळ्या पॅन्टी नीट असतात, स्कार्फही बऱ्यापैकी बांधलेले असतात. बिघाड असतो तो डोक्यावर. निळी बेरेट, म्हणजे बिनकाठाची गोल लोकरी टोपी, कुणाच्या टाळूवर ताटलीसारखी ठेवलेली असते, तर कुणाच्या दोन्ही कानांवर ओघळलेली असते. बिल्ला कपाळाच्या मधोमध किंवा थेट कानाच्या मागे गेलेला दिसतो. एका शाळेत चौकशी केली तेव्हा कळले की टोप्या वर्षभर कपाटात बंद असतात, संचलनाच्या सकाळी गठ्ठा सोडून ज्याच्या हाताला जी येईल ती दिली जाते आणि दुपारी मोजून परत घेतली जाते. मुलांचा यात काडीचाही दोष नाही. जी टोपी आपली नाही, जिच्यात काल दुसऱ्याचे डोके होते आणि उद्या तिसऱ्याचे असणार आहे, ती नीट बसवण्याची तसदी कोण घेईल?

आमच्या काळी स्काउटमध्ये नाव घातले म्हणून टोपी मिळत नसे. खाकी सदरा आणि अर्धी चड्डी घरून शिवून आणायची, पण टोपी आणि स्कार्फ यांना हात लावायची मुभा नव्हती. आधी प्रवेशाची तयारी करावी लागे: वचन आणि नियम अर्थासह सांगता यायला हवेत, डाव्या हाताने हस्तांदोलन का करतात आणि प्रणामाची तीन बोटे वचनाच्या कोणत्या तीन भागांची आठवण देतात हे माहीत हवे, राष्ट्रध्वजाची माहिती हवी आणि रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच या गाठी न अडखळता मारता यायला हव्यात. आमचे मास्तर दोरी पाठीमागे धरायला लावून गाठ मारून घेत, कारण अंधारात तंबूची दोरी सुटली तर डोळे उपयोगी पडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. हे सगळे झाल्यावर एका संध्याकाळी दीक्षाविधी होई. पथक घोड्याच्या नालेच्या आकारात उभे राही, मुलगा एकटा पुढे जाऊन वचन घेई आणि मास्तर स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात स्कार्फ घालून डोक्यावर टोपी ठेवत. वर्षानुवर्षे हा विधी मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. त्या क्षणी घाबरलेला, हसू दाबणारा, ओठ चावणारा असा प्रत्येक तऱ्हेचा मुलगा मला आठवतो, पण टोपी वाकडी ठेवून घेणारा एकही आठवत नाही.

नवी बेरेट घरी आणली की खरे काम सुरू होई. ती लोकरीच्या नमद्याची असे आणि दुकानातून आलेली अगदी भाकरीसारखी गोल. ती कोमट पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, फक्त दाबून पाणी काढायचे आणि ओलीच डोक्यावर घालून कडेची पट्टी भुवयांच्या दोन बोटे वर सरळ आणायची. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर आला पाहिजे आणि बाकीचा सगळा घेर उजव्या कानाकडे ओढून तळहाताने चापून बसवला पाहिजे. तशीच डोक्यावर ठेवून वाळवली तर उत्तम. पण आई ओल्या डोक्याने बसू देत नसे, म्हणून आमच्या घरी ती पालथ्या तांब्यावर वाळत घातली जाई. मागच्या बाजूला दोन काळ्या फितींची गाठ असे, ती आवळून माप जुळवायचे आणि टोके आत खोचायची. आतल्या पट्टीवर खोबरेल तेलाचा डाग पडे आणि ज्याची त्याची टोपी त्या डागावरूनही ओळखू येई. बिल्ल्यावरची तीन पाकळ्यांची खूण आणि मधले अशोकचक्र चिंच लावून घासले की लखलखत असे. हल्ली मिळणाऱ्या काही टोप्या पातळ कापडाच्या असतात, आत इलॅस्टिक घातलेले असते; त्यांना आकार देऊ म्हटले तरी देता येत नाही. खरेदी करणाऱ्यांनी निदान हे तरी पाहावे.

आमच्या मास्तरांकडे मात्र बेरेट नव्हती, जुनी टोपी होती. भुऱ्या नमद्याची, सपाट रुंद काठाची, माथ्यावर चार बाजूंनी चार खोलगे दाबलेली. आजच्या मुलांनी ती फक्त स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या चित्रात पाहिलेली असते. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांना घेऊन पहिले शिबिर भरवण्यापूर्वी बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेत बरीच वर्षे काढली होती आणि दक्षिण आफ्रिकेत त्यांनी उभारलेल्या पोलीस दलाच्या डोक्यावरही हीच टोपी होती. ऊन, पाऊस आणि काटेरी झुडपे यांपासून डोके आणि मान वाचवणारी ही टोपी कामासाठी जन्मली होती. मास्तर तिच्या काठाने चूल फुंकत, तिच्यात बोरे गोळा करत आणि तिचा काठ मऊ पडला की ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून, मधोमध भोक पाडलेल्या फळीखाली रात्रभर दाबून ठेवत. साखरेच्या पाण्याने काठ ताठ होतो म्हणून एका पावसाळ्यात त्यांनी तोही प्रयोग केला. काठ ताठ झाला हे खरे, पण मुंग्यांनी तो शोधून काढला आणि पुढचे काही दिवस ती टोपी अंगणातल्या दोरीवर लटकत राहिली.

ब्रिटनमध्येही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही टोपी गेली आणि बेरेट आली. बेरेट रुबाबदार दिसते, घडी करून खिशात मावते, स्वस्तही पडते. पण मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बिनकाठाची लोकरी टोपी डोळ्यांवर सावलीही धरत नाही आणि डोक्याला वाराही लागू देत नाही, हे मी तिच्यावर प्रेम असूनही मान्य करतो. उन्हाळी शिबिरापुरती काठाची टोपी चालू करायला काय हरकत आहे, हा माझा जुनाच प्रश्न आहे.

कुणी म्हणेल की ही सगळी साहेबाची हौस, तिचे कौतुक मराठवाड्याने का करावे? हा आक्षेप नवा नाही आणि त्याचे उत्तर आपल्याच पूर्वसुरींनी देऊन ठेवले आहे. १९०९ साली बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी पहिले पथक काढले, ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. भारतीय मुलांना दार बंद होते, म्हणून १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साथीने वेगळी संघटना काढली आणि मुलांच्या डोक्यावर हॅट न देता फेटा दिला. उत्तरेकडे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभी केली. म्हणजे डोक्यावर काय असावे हा प्रश्न त्या लोकांनी मोठा मानला होता. आजही शीख स्काउटला बेरेटऐवजी पगडी बांधण्याची मोकळीक आहे. नांदेडच्या मुलांना निळ्या पगडीवर हाच बिल्ला लावून रांगेत उभे असलेले मी पाहिले आहे, आणि खरे सांगायचे तर आमच्या बेरेटीपेक्षा ती पगडी सरस दिसे.

मराठवाड्यात तर या प्रश्नाला आणखी एक पदर होता. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि त्या काळात माणसाची ओळख डोक्यावरून होत असे. रुमी टोपी कुणाची, पागोटे कुणाचे, रुमाल कोण कसा बांधतो, हे लांबूनच कळे. गांधी टोपी घालणे हे तर निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या बाजूने उभे राहिल्याची जाहीर कबुली होती. त्यातूनच जात, धर्म आणि ऐपत जोखली जाई. मुक्तीनंतरही खेड्यापाड्यांतून ही सवय लगेच गेली नाही. अशा मुलखात पाटलाच्या वाड्यातला, चर्मकार वस्तीतला आणि मोहल्ल्यातला मुलगा एकाच रांगेत एकाच टोपीने उभे राहत आणि संघनायक, म्हणजे पथकातल्या छोट्या गटाचा प्रमुख, कोण होणार हे गाठी, नकाशा आणि वागणूक यांवरून ठरे. आमच्या पथकात एका मोठ्या घरच्या मुलाला वस्तीतल्या संघनायकाचा आदेश ऐकावा लागे. घरी यावरून कुरबूर झाली, पण मास्तर बधले नाहीत. त्या टोपीचा अभिमान मला वाटतो त्यात याचा वाटा मोठा आहे.

दुसरा वाटा यात्रेचा. औंढा नागनाथला महाशिवरात्रीला पथके सेवेसाठी जात. दर्शनाची बारी लावणे, पाणी पाजणे, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवणे आणि हरवलेली लेकरे सांभाळणे ही कामे मुलांकडे असत. गर्दीत चेंगरत असलेली एखादी माऊली पोलिसाकडे न जाता ‘अरे टोपीवाल्या’ म्हणून आमच्यापैकी कुणाला तरी हाक मारी आणि हातातले मूल बिनदिक्कत त्याच्याकडे सोपवून चपला शोधायला जाई. ज्या चौदा वर्षांच्या पोराला घरी दुधाचे भांडेही विश्वासाने देत नसत, त्याच्या हाती एक अनोळखी बाई स्वतःचे मूल देत होती. ती नाव विचारत नसे, गाव विचारत नसे, तिने फक्त टोपी पाहिलेली असे. त्या मुलाला मग बिडी ओढायची, रांग मोडायची किंवा झाडाखाली झोपायची सोय राहत नसे, कारण लांबूनही तो ओळखू येई. एखाद्याला झोप अनावर झालीच तर तो आधी टोपी काढून खिशात घाली, मग आडवा होई.

एका सहकारी शिक्षिकेने, ज्या गाइडचे पथक चालवत, मला एकदा फटकारले होते की तुमचे सगळे टोपीवरच अडते. आमच्या मुली उघड्या डोक्याने, दोन वेण्या घालून, तुमच्या मुलांपेक्षा चांगली सेवा करतात. त्यांचे म्हणणे खरे होते. आमच्या भागातल्या गाइड पथकांना टोपी नव्हती आणि त्यांचे काही अडलेही नाही. त्यांचा जीव बिल्ल्यात आणि स्कार्फमध्ये असे. पण त्यांचाही स्कार्फ दीक्षाविधीतच मिळत असे, गठ्ठ्यातून नव्हे. माझा हट्ट टोपीसाठी नाही, ती मिळण्याच्या रीतीसाठी आहे.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि जिल्हा पातळीवरच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. पथकातली संख्या कागदावर फुगवण्यापेक्षा ज्यांनी प्रवेशाची तयारी पूर्ण केली आहे त्यांचाच दीक्षाविधी करावा, तो संचलनाच्या धांदलीत न उरकता वेगळ्या संध्याकाळी, जमल्यास पालकांसमोर करावा, आणि त्या वेळी दिलेली टोपी मुलाच्या मालकीची राहू द्यावी. खर्चाचा प्रश्न येईल, तो खराच आहे; दुष्काळी पट्ट्यातल्या पालकाला टोपीचे पैसेही जड जातात. पण कमाई करा आणि शिका या उपक्रमातून आमच्या मुलांनी रद्दी विकून, पत्रावळी लावून टोप्यांचे पैसे उभे केले आहेत आणि त्या टोप्या त्यांनी विशेष जपल्या आहेत. शाळेने विकत घेतलेल्याच टोप्या असतील तर निदान प्रत्येकीच्या आत मुलाचे नाव लिहून ती वर्षभर त्याच्या घरी राहू द्यावी. हरवेल म्हणून कपाटात ठेवण्यापेक्षा एखादी हरवलेली परवडली.

परभणी तालुक्यातील कोणत्याही शाळेने बोलावल्यास बेरेटला आकार कसा द्यायचा आणि बिल्ला कुठे बसवायचा हे मुलांना दाखवायला मी स्वखर्चाने येईन. शाळेने बादलीभर कोमट पाणी आणि मुलांनी घरून एकेक तांब्या आणावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि स्काउट मास्तर,
परभणी