कागद आम्हालाच हवा आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातले गॅस फिटिंगबद्दलचे पत्र वाचले. फिटर लेखी करार करत नाहीत, कारण त्यांना जबाबदारी अंगावर घ्यायची नसते, असे त्या सद्गृहस्थांनी ठोकून दिले आहे. मी गोव्यात, बार्देश तालुक्यात हेच काम करून पोट भरतो, त्यामुळे गप्प बसवत नाही. आमच्यात अ‍ॅडव्हान्स घेऊन तोंड न दाखवणारे आहेत, हे मान्य. पण मी कागद पुढे केला की गिऱ्हाईकच तोंड वाकडे करते. "आमचेर विस्वास ना काय तुका?" हे ठरलेले उत्तर.

किनाऱ्याजवळच्या एका रेस्टॉरंटचे काम मी याच विश्वासावर केले. सीझन तोंडावर होता. मागच्या बाजूला 19 किलोच्या सिलिंडरांचा मॅनिफोल्ड (सगळे सिलिंडर एकत्र जोडणारी पाइप), तिथून भिंतीतून तांब्याची पाइप, आत भट्टी आणि तंदूर. लाइनमध्ये हवा भरून दाब दाखवणारा गेज लावला. संध्याकाळपर्यंत काटा जागचा हलला नाही. एकेका जॉइंटला साबणाचे पाणी लावले, तेव्हा मालक शेजारी उभे होते. निम्मे पैसे मिळाले, उरलेले 'गिऱ्हाईक सुरू होऊ दे, मग देतो'.

नंतर त्यांनी भट्टी दुसऱ्या कोपऱ्यात हलवली, तीही ओळखीच्या प्लंबरकडून. गॅसचा वास येऊ लागल्यावर फोन मात्र मला, आणि कामगारांसमोर नको ते बोलणे. मी नट उघडला तर आत पांढरी टेप गुंडाळलेली. फ्लेअर जॉइंटला टेप लागतच नाही. तांब्याची पसरवलेली कड पितळेवर घट्ट बसते, तेच त्याचे सील. टेप घातली की कड नीट बसत नाही आणि गॅस वाट काढतो. हे मी त्यांना हातात धरून दाखवले. त्यावर म्हणाले, हा जॉइंट तुझा नाही याला पुरावा काय? भट्टी आधी कुठे होती, मी जॉइंट किती केले, एका ओळीचे लिखाण नव्हते. बाकीचे पैसे आजतागायत मिळालेले नाहीत.

1872 च्या करार कायद्यात तोंडी करारही चालतो, असे एका वकिलांनी मला सांगितले. चालत असेल, पण तो सिद्ध कोण करणार?

मला स्टॅम्पपेपर नको. एक पान, दोन प्रती, दोघांच्या सह्या. पाइप कुठून कुठे गेली, जॉइंट किती, चाचणी किती दाबाला आणि किती वेळ, पैसे कधी, आणि दुसऱ्या कोणी पाना लावला तर पुढची जबाबदारी कोणाची. गॅस कुठला तेही लिहायलाच हवे. आता काही घरांत पाइपचा गॅस आला आहे. तो साधारण 21 मिलीबारला येतो, सिलिंडरचा रेग्युलेटर 30 ला देतो. म्हणून पाइपच्या गॅससाठी शेगडीचा जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोटी, मोठ्या भोकाचा बसवतात. भाड्याच्या फ्लॅटमधला माणूस तीच शेगडी घेऊन सिलिंडरच्या घरात गेला आणि जेट तसाच राहिला, तर ज्वाळा भांड्याबाहेर येते. जेट बदलल्याची नोंद कुठेच नसते, मग दोष शेवटी हात लावलेल्या फिटरचा. सुरक्षा होजचेही, म्हणजे शेगडीला गॅस नेणाऱ्या रबरी नळीचेही तेच. पाच वर्षांनी तो बदलायचा असतो, पण बसवल्याची तारीख कोणाच्या लक्षात नसते. कागदावर असली तर निदान चवथीच्या साफसफाईत ती नजरेस पडेल.

ग्राहकांच्या संघटनांनी आणि गॅस एजन्सींनी मिळून असा एक साधा नमुना मराठी-कोंकणीतून छापावा. सही करायला मी पहिला उभा राहीन.

जाता जाता आपल्या वर्तमानपत्राबद्दलही बोलतो. स्वयंपाकघरात आग लागली की आपल्याकडे मथळा येतो 'सिलिंडरचा स्फोट'. पुष्कळदा सिलिंडर धड असतो आणि गळती होजमधून किंवा रेग्युलेटरमधून झालेली असते. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो आणि ठिणगी मिळाली की पेटतो. लोक मात्र सिलिंडरला घाबरतात आणि चिरा गेलेला होज तसाच वापरतात. बातमीदाराने छापण्याआधी अग्निशामक दलाला एवढे विचारावे, आणि बातमीखाली गॅसगळतीचा 1906 हा क्रमांक द्यावा, ही विनंती.

आपला,
एक गॅस फिटर, म्हापसा